लाट कुणालाही नेत नाही

दरवर्षी मे महिन्यात, दिवाळीच्या सुट्टीत आणि जानेवारीत सहलींचे दिवस आले की वर्तमानपत्रात एक बातमी येते. गाव बदलतं, मुलांची संख्या बदलते, वाक्य मात्र तेच असतं. "पोहण्यासाठी उतरलेल्या तरुणांना लाटेने ओढून नेले." कधी लाटेने "गिळले", कधी लाटेने "कवेत घेतले". बातमी लिहिणाऱ्याचा हात जरा जास्तच साहित्यिक असेल तर लाट "काळ बनून" येते.

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. चुकीची वाक्यं खोडायची सवय हाडात मुरलेली आहे. तेव्हा आज हे वाक्य खोडायला बसले आहे. लाट कुणालाही ओढून नेत नाही. नेतं ते पाणी. "हा काय शब्दांचा कीस," असं तुम्हाला वाटेल. पण हा कीस नाही. या दोन शब्दांच्या मधल्या फटीत दरवर्षी आपली पोरं बुडतात, आणि एकदा त्या फटीत एक पोर मी माझ्या हातानं ढकललं होतं. तेही सांगणार आहे. आधी सगळं रीतसर.

मी बी.ए. झाले ती मराठी आणि इतिहास घेऊन, तेही मराठी माध्यमातून. नोकरी लागली कृष्णाकाठच्या एका हायस्कुलात. तिथले विज्ञानाचे सर बदलून गेले आणि जागा दोन वर्षं रिकामी राहिली. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात माझं नाव घातलं. "बाई, पुस्तकात सगळं लिहिलेलंय, वाचून दाखवा," असं म्हणाले. मी वाचून दाखवलं. त्यात तरंगांचा धडा होता, आणि धड्यात चौकटीत एक वाक्य होतं, साधारण या अर्थाचं: तरंगामुळे ऊर्जेचं वहन होतं, माध्यमाचे कण मात्र पुढे जात नाहीत, ते आपल्या मूळ जागेभोवती दोलन करतात.

हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं, पोरांनी वहीत उतरवलं. "गाळलेल्या जागा भरा" मध्ये आलं, सगळ्या वर्गानं बरोबर लिहिलं. पैकीच्या पैकी गुण. मला कळलं होतं का? नाही. पोरांना? नाही. मला शंका तरी आली का? तीही नाही. न कळलेलं वाक्य पाठ असलं की ते कळलंच आहे असं वाटायला लागतं. आमच्या शिक्षणखात्यातला हा सर्वांत जुना रोग आहे आणि त्याला मी कधीच अपवाद नव्हते.

मग जानेवारी १९८४. नववीची सहल. एस.टी.ची लाल गाडी, बेचाळीस मुलं, आम्ही तीन शिक्षक. रत्नागिरी जिल्ह्यातला एक किनारा. निम्म्या मुलांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. कृष्णाकाठची पोरं ती, पोहण्यात तरबेज, पाणी दिसलं की अंगात येणारच. गुडघ्यापर्यंतच जायचं या अटीवर आम्ही त्यांना पाण्यात सोडलं. लाटा चांगल्या मोठ्या फुटत होत्या. मी वाळूत उभी राहून नजर ठेवत होते. पाहते तर डावीकडे एका पट्ट्यात लाटाच फुटत नव्हत्या. पाणी कसं शांत, जरा गडद, मधेच फेसाची एखादी रेघ. मला बरं वाटलं. मी ओरडून सांगितलं, "अरे, तिकडं जा, तिकडं लाटा नाहीत."

पाचसहा पोरं तिकडं गेली. दोनचार मिनिटांत त्यातला एकजण किनाऱ्यापासून लांब दिसायला लागला. तो पोहत होता, चांगला हात मारत होता, तोंड आमच्याकडं होतं, आणि तरी लांबच जात होता. पुराच्या कृष्णेत सूर मारणारा मुलगा. मी जागच्या जागी गारठले. किनाऱ्यावर जाळं विणत बसलेले दोघं कोळी उठले. एकानं होडी ढकलली. दुसरा वाळूवरून धावत, हात आडवे हलवत ओरडत होता, "आडवा पोव! आडवा! सरळ नको!" पोरानं ऐकलं म्हणून वाचला. आडवा पोहत पट्ट्याच्या बाहेर आला, तिथं फुटणाऱ्या लाटांनी त्याला पुढं लोटलं, होडीनं उरलेलं काम केलं. दोनशे पावलं लांब वाळूवर येऊन तो ओकत पडला.

जो ओरडत होता तो म्हातारा माझ्याजवळ आला. रागावला नाही. एवढंच म्हणाला, "बाई, लाट नाय नेत. पानी नेतं. जिथं लाट फुटत नाय, तिथनंच पानी बाहेर जातं."

परतीच्या गाडीत तो मुलगा माझ्या शेजारी बसला होता, माझी शाल पांघरून. मी विचारलं, "सरळच का पोहत राहिलास रे?" म्हणाला, "बाई, मला वाटलं लाटा आणतील मला काठावर. मागनं एवढ्या येत होत्या."

सहामाहीत त्याला विज्ञानात चांगले गुण होते. "माध्यमाचे कण पुढे जात नाहीत" ही रिकामी जागा त्यानं बरोबर भरली होती. ती मीच तपासली होती. त्याच्या आईला मात्र त्या दिवशी काय झालं ते मी कधी सांगितलं नाही. आजतागायत.

त्यानंतर मी तो धडा खरोखर समजून घेतला. शेजारच्या गावातल्या हायस्कुलात विज्ञानाचे एक जुने शिक्षक होते, त्यांच्याकडे जाऊन बसले. त्यांनी मला पितळेची परात, पाणी आणि बाटलीचं बूच दिलं. परातीच्या कडेला बोट बुडवलं की तरंग निघतो, पलीकडच्या कडेला पोचतो. मधलं बूच मात्र वरखाली होतं आणि जिथल्या तिथं राहतं. आपण लहानपणी विहिरीत खडा टाकून हेच पाहिलेलं असतं, फक्त पाहताना बुचाकडं कुणी लक्ष द्यायला सांगितलेलं नसतं.

खोल समुद्रातही हेच. आठ सेकंदांनी एक शिखर येतं अशी लाट धरा. तिच्या दोन शिखरांमधलं अंतर होतं सुमारे १०० मीटर, आणि ती पळते ताशी ४५ किलोमीटरनं, म्हणजे आपल्या एस.टी.च्या वेगानं. लाट दोन मीटर उंच असेल तर पृष्ठभागावरचा पाण्याचा कण दोन मीटर व्यासाचं एक वर्तुळ काढतो. वर, पुढं, खाली, मागं. हे वर्तुळ आठ सेकंदांत पुरं करायचं तर त्याचा वेग ताशी तीन किलोमीटरसुद्धा होत नाही. माणूस जेवल्यावर शतपावली घालतो तेवढा. लाट एस.टी.च्या वेगानं निघून जाते आणि पाणी शतपावली घालून पुन्हा आपल्या जागी येतं. खाली जावं तशी ही वर्तुळं लहान होत जातात. पन्नास मीटर खाली, म्हणजे लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर, पाणी जवळजवळ निश्चल असतं.

मग जातं काय? ऊर्जा जाते. एक कण शेजारच्याला हलवतो, तो त्याच्या शेजारच्याला. दोन मीटर उंचीच्या लाटेत समुद्राच्या दर चौरस मीटरमागे सुमारे ५,००० ज्यूल ऊर्जा असते. पन्नास किलोचं पोतं तिसऱ्या मजल्यावर चढवायला लागते तेवढी. लाटेची उंची दुप्पट झाली तर ही ऊर्जा चौपट होते, दुप्पट नव्हे. "थोडी मोठी लाट आली" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आणि ही ऊर्जा किती लांब जाते! १९६३ साली वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रशांत महासागरात न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठाणी उभारली, आणि अंटार्क्टिकाच्या बाजूच्या वादळांत जन्मलेल्या लाटा थेट अलास्कापर्यंत, दहा हजार किलोमीटरहून जास्त अंतर, पोचताना मोजून दाखवल्या. अंटार्क्टिकाचं पाणी अलास्काला गेलं नाही. तिथल्या वाऱ्यानं केलेलं काम गेलं. आपल्या केरळच्या किनाऱ्यावर आकाश निरभ्र असताना, वारा पडलेला असताना अचानक समुद्र आत घुसतो. तिथले कोळी त्याला "कळ्ळक्कडल" म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. हा चोर येतो दूर दक्षिणेच्या महासागरातल्या वादळातून, आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था आता त्याची आगाऊ सूचना देते. वादळ तिकडं, घर पडतं इकडं, आणि मधल्या हजारो किलोमीटरचं पाणी जागच्या जागी.

ज्यांनी समुद्र पाहिला नाही त्यांच्यासाठी भूकंप आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मी कराडजवळच्या आमच्या घरात झोपले होते. फळीवरची भांडी खाली आली, आजी "देवा, देवा" करत उठली. कोयनानगर आमच्यापासून पन्नास-साठ किलोमीटर. तिथली एक चिमूट माती आमच्या अंगणात आली नाही. आली ती जमिनीतून आलेली लाट, काही सेकंदांत. आवाजाचंही तेच. मी वर्गात बोलते तेव्हा माझ्या तोंडची हवा शेवटच्या बाकावर जात नाही. आवाजाचा वेग ताशी बाराशे किलोमीटरच्या वर आहे. त्या वेगानं हवा गेली असती तर माझ्या एका "गप्प बसा" नं शाळेचे पत्रे उडाले असते! साध्या बोलण्यात हवेचे कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढेही सरकत नाहीत, आणि शेवटच्या बाकावरच्याला ऐकू मात्र जातं (ऐकत नाही ती गोष्ट वेगळी).

आणि २६ डिसेंबर २००४. सुमात्राजवळ समुद्राचा तळ हलला. दोनेक तासांत त्सुनामी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर होती. खोल समुद्रात तिचा वेग ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास, पण उंची? योगायोगानं वरून जाणाऱ्या उपग्रहानं मोजली, ती साधारण साठ सेंटिमीटर. दूर समुद्रात असलेल्या कोळ्यांच्या होड्यांखालून ती गेली आणि त्यांना पत्ताही लागला नाही. ते संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांची गावं नव्हती. सगळ्या देशांत मिळून सुमारे सव्वादोन लाख माणसं गेली. जी लाट समुद्रात होडी हलवू शकली नाही, तिनं किनाऱ्यावर घरं उखडली.

तुम्ही म्हणाल, बाई, हे कसं? आत्ताच म्हणालात, लाट कुणाला नेत नाही. बरोबर. इथंच पुस्तकातलं चौकटीतलं वाक्य संपतं, आणि इथूनच पुढं जे सांगायला हवं ते पुस्तक सांगत नव्हतं.

परातवाल्या सरांनी मला दुसऱ्याच दिवशी टोकलं होतं, "बाई, पाणी अजिबात पुढं जात नाही, हेही तंतोतंत खरं नाही हं." प्रत्येक वर्तुळ पुरं होताना कण किंचित पुढं सरकलेला असतो. स्टोक्स या गणितज्ञानं १८४७ मध्येच हे दाखवलं होतं. खोल समुद्रात हे सरकणं लाटेच्या वेगापुढं नगण्य. पण लाट उथळ पाण्यात येते तेव्हा तिचा पायच तळाला लागतो. ती मंदावते, उंच होते, आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास उरली की फुटते. म्हणजे एक मीटरची लाट फुटते कुठं? सव्वा-दीड मीटर पाण्यात. नववीतल्या पोराच्या छातीइतक्या पाण्यात. नेमकं जिथं आपण उभे असतो तिथं! हजारो किलोमीटर कुणालाही न हलवता आलेली ऊर्जा तिथं आपलं गाठोडं उतरवते. आणि लाट फुटली की ती पुस्तकातली लाट राहत नाही. पाणी खरोखर पुढं धावतं.

किनाऱ्याकडं असं पाणी येतच राहिलं तर ते साठेल. त्याला परत जावंच लागतं. ते जिथं तळ जरा खोल आहे, वाळूच्या दांड्यात खिंड आहे, तिथून वाट काढतं. सगळ्या बाजूचं पाणी त्या खिंडीकडं धावतं आणि साधारण दहा ते तीस मीटर रुंदीच्या पट्ट्यातून समुद्राकडं बाहेर पडतं. त्याचा वेग कधीकधी सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो. ऑलिंपिकमधला पट्टीचा पोहणारा पन्नास मीटर कसाबसा जेवढ्या वेगानं पोहतो, जवळजवळ तेवढा. आणि तिथं तळ खोल असल्यामुळं लाटा फुटत नाहीत. म्हणून तो पट्टा शांत दिसतो. म्हणून तो सुरक्षित वाटतो. म्हणून एका बी.ए. झालेल्या बाईनं नववीच्या पोरांना ओरडून सांगितलं, "तिकडं जा."

आता कळलं का, "लाटेने ओढून नेले" या वाक्यावर माझा राग का आहे? हे वाक्य वाचून वाढलेली माणसं समुद्रावर जातात तेव्हा लाटेला घाबरतात. जिथं लाट नाही तिथं जातात. आणि लाटेला घाबरत नाहीत ते दुसरी चूक करतात, लाटा आपल्याला परत आणतील असं धरून सरळ किनाऱ्याकडं हात मारत दमतात. दोन्ही चुका एकाच वाक्याच्या पोटी जन्मलेल्या, लाट म्हणजे नेणारी-आणणारी गाडी, या समजुतीच्या.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. चौदा. ती बातमी वाचून मी दोन दिवस जेवले नाही. त्या मुलांचं नेमकं काय झालं हे इथं बसून सांगायचा मला अधिकार नाही. पण त्यानंतर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सहलींवर बंधनं, परिपत्रकं, हमीपत्रं. पाणी कसं वागतं हे पोरांना शिकवा, असं म्हणणारा आवाज मला त्या गदारोळात ऐकू आला नाही. आपल्याकडं अपघात झाला की आपण कागद वाढवतो, अक्कल वाढवत नाही.

यावर नेहमी तीन उत्तरं येतात. तिन्ही मी ऐकली आहेत.

पहिलं, "पाण्यात उतरू नका, एवढा फलक पुरे आहे, भौतिकशास्त्र कशाला?" फलक आहेत हो, वर्षानुवर्षं आहेत. घाटावरचा माणूस पाचशे किलोमीटर गाडी हाकून येतो, फलकाखाली चपला काढतो आणि उतरतो. "नका" या शब्दाला कारण जोडलेलं नसेल तर आपल्या देशात तो कुणी ऐकत नाही, आणि ऐकू नये असंच मला शिक्षिका म्हणून वाटतं. कारण सांगा. "लाटा फुटत नसलेल्या शांत पट्ट्यात जाऊ नका, तिथून पाणी बाहेर जाते" एवढं लिहायला फलकावर जागा नाही का?

दुसरं, "बातमी आहे, शास्त्रीय निबंध नव्हे. लोकांना लाट शब्द कळतो." तर मग लोकांना "प्रवाह" कळत नाही का? "ओढ" कळत नाही? नदीला ओढ आहे, हे आमच्या गावचं शेंबडं पोरही सांगतं. कोकणात "करंट" म्हणतात, तोही चालेल. "समुद्राच्या आत जाणाऱ्या प्रवाहात सापडून" असं लिहिलंत तर छपाईला शाई जास्त लागणार नाही.

तिसरं उत्तर माझ्या एका सुशिक्षित नातेवाइकाचं. "अगं मावशी, तू मराठीची. ह्यात तुझं काय?" माझं काय म्हणून काय विचारतोस? मराठीची आहे म्हणूनच! आपल्या भाषेत हे सगळं आधीपासून आहे. नदीसाठी आपण "वाहणं" म्हणतो. पण लाटेवरच्या होडीसाठी आपल्या भाषेनं वेगळा शब्द घडवला, "हेलकावा". होडी लाटेवर वाहत नाही, हेलकावे खाते. वर, पुढं, खाली, मागं, आणि पुन्हा तिथंच. स्टोक्सचं गणित येण्याआधीच आपल्या कोळ्यांना आणि त्यांच्या भाषेला हे दिसलं होतं. नंतर आम्ही शहाणे झालो आणि "लाटेत वाहून गेला", "लाटेवर स्वार झाला" असलं लिहायला लागलो. निवडणुकीची लाट, साथीची लाट, भावनेची लाट, सगळ्या लाटा माणसांना उचलून नेणाऱ्या! रूपक म्हणून चालेल ते. पण रूपक समुद्रावर घेऊन जायचं नसतं.

आणखी एका जमातीचा समाचार घेतल्याशिवाय मला राहवत नाही. ही लहरीवाली जमात. "ताई, विज्ञानानंच सिद्ध केलंय, सगळं विश्व लहरींनी भरलंय, या लोलकातून चांगल्या लहरी निघतात, घरात ठेवा." २२ मार्च २०२० ला सायंकाळी लोकांनी थाळ्या वाजवल्या. डॉक्टर-नर्सेसबद्दल कृतज्ञता म्हणून, आणि त्याला माझी ना नव्हती, मीही वाजवली. पण त्याच दिवशी फोनवर निरोप फिरत होते, की एकत्रित नादलहरींनी विषाणू मरतो. शेवटी सरकारच्याच वृत्तविभागाला "असं काही होत नाही" असा खुलासा करावा लागला. ज्यांनी ते निरोप पुढं ढकलले त्यांतले कित्येक पदवीधर होते, आणि सगळ्यांनी कधी ना कधी "तरंगामुळे ऊर्जेचे वहन होते" ही रिकामी जागा भरलेली होती. वस्तू न जाता ऊर्जा जाते, हे अर्धवट कानावर पडलं की माणूस म्हणतो, मग काहीही कुठूनही कुठंही जात असेल! अहो, लाट फुकट काही देत नाही. कुणीतरी आधी काम केलेलं असावं लागतं, वाऱ्यानं, भूकंपानं, माझ्या घशानं. कुणी लहरी विकायला आलं तर तीन प्रश्न विचारा. हलतंय काय? किती ऊर्जा आहे, मोजून दाखव. आणि ती शेवटी उतरते कुठं? लोलकवाला उंबऱ्यावरूनच परत जातो, मी पाहिलंय.

म्हणून मी म्हणते, चौकटीतलं ते वाक्य चुकीचं नाही, अपुरं आहे, आणि अपुरं पाठ करून घेणं हे चुकीचं शिकवण्यापेक्षा वाईट. चुकीचं कधीतरी उघडं पडतं. अपुऱ्याला गुण मिळतात.

शाळांना माझं मागणं फार नाही. परात आणि बूच प्रत्येक घरात आहे. दोरी आहे. मैदानावर वीस पोरं खांद्याला हात लावून रांगेत उभी करा, पहिल्याला हलका धक्का द्या, धक्का शेवटच्यापर्यंत जातो आणि पोरं जागेवरच राहतात. मग शेवटच्याला विचारा, "पुढं कुणी धरणारं नसतं तर तुझं काय झालं असतं?" तो म्हणेल, "मी पडलो असतो." तीच फुटणारी लाट. एवढं एका तासात होतं. आणि मग फळ्यावर किनाऱ्याचं चित्र काढून मधला शांत पट्टा रंगीत खडूनं दाखवा, आणि ही चार वाक्यं पाठ करून घ्या. पाठांतराला माझा विरोध नाही, समजून केलेलं असेल तर. जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर उतरायचं नाही. सापडलात तर घाबरून पाण्याशी भांडायचं नाही, तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची. पोहायचं तर किनाऱ्याला समांतर, आडवं, पट्ट्याबाहेर पडेपर्यंत. आणि दुसरा सापडला तर मागोमाग उडी मारायची नाही, तरंगणारं काहीतरी फेकायचं आणि जाणत्याला हाक मारायची.

तो मुलगा आता साठीकडं झुकला आहे. शेती करतो. शिक्षकदिनाला त्याचा फोन येतो. तो कधी समुद्राचा विषय काढत नाही, मीही काढत नाही. गेल्या वर्षी मात्र म्हणाला, "बाई, नातीला घेऊन कोकणात चाललोय." मी म्हटलं, "लाटा नसतील तिथं जाऊ नको रे." तो हसला. "बाई, त्या वेळी तुम्ही बरोबर याच्या उलट सांगितलं होतं."

हो. सांगितलं होतं. म्हणून तर आज एवढं लांबण लावलं.